लोला सेलिंगचा झाकलेला लॅपटॉप

ला पाझ बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या इलोइलो शहराला ठाऊक आहे. लोला सेलिंगनं, म्हणजे सेलिंगआजीनं, लॅपटॉप पुढ्यात ठेवला तेव्हाही तापलंच. सात वर्षं वापरलेला, पण अंगावरचं कारखान्याचं प्लास्टिक तसंच! खालची हवेची जाळीसुद्धा झाकलेली. वरून क्रोशाचं झबलं.

"लोला, श्वास कोंडून मारलंत की याला!"

"गप रे टोटो. माझ्या रोमेलनं जहाजावरून पाठवलाय. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी होते."

आमच्याकडे हे घरोघरी आहे. आईच्या सोफ्यावरचं प्लास्टिक ती जाईपर्यंत निघालं नव्हतं.

रोमेल तिचा एकुलता एक, जहाजावर स्वयंपाकी. त्याचा व्हिडिओ फोन यावर यायचा, म्हणून म्हातारी लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवायची. पंखा पार जळला होता, आत मुंग्या.

"नवा पंखा बाराशे पेसो."

"चारशेच आहेत रे. आणि रविवारच्या आत दे. तो रविवारी फोन करतो."

बडबडत मी भंगारातला पंखा साफ करून बसवला. प्लास्टिक सोललं. तिनं ते घडी घालून पिशवीत ठेवलं. मग तपासायला आलेल्या फोनांची यादी उघडली, तर रोमेलचा शेवटचा फोन तीन वर्षांपूर्वीचा. मी लॅपटॉपचा पडदा झटकन माझ्याकडे वळवला. असा राग आला त्या पोराचा!

"वाजेल ना रे?"

"वाजेल, लोला."

रविवारी दुकान बंद असतं, पण घरी तरी माझी वाट कोण पाहतंय? दुकानात बसून मी तिच्या लॅपटॉपवर व्हिडिओ फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला. चर्चला जायचा झगा, तोंडाला पावडर, कानात मोती. मला बघून चेहरा उतरला.

"तू होय!"

"वाजतो का बघत होतो."

"वाजतो." मग म्हणाली, "जेवलास का?"

"नाही अजून."

"अरे, दोन वाजले! काय खाणारेस?"

सुकी मासळी आणि भात, मी सांगितलं. ती कशी तळायची यावरून तिनं मला अर्धा तास झापलं. शेवटी कानातला मोती चाचपत तिनं विचारलं, "दर रविवारी तपासावं लागतं का रे हे?"

"लागतंच."

"बरं. पण मध्येच रोमेलचा आला, तर तुझा लगेच ठेवून देईन हं."