पाठक मॅडमचा वाटा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही. सख्ख्या बहिणीला माझं सगळं माहीत असतं, पण तिलाही हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नाही, कारण शोधत बसले तर पुन्हा थांबेन. इतकी वर्षं तेच होत आलंय.

जेवणापासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

तुम्ही येसर खाल्लंय का? धान्यं, डाळी, धने, मिरची, सगळं वेगवेगळं खरपूस भाजायचं, एकत्र दळायचं आणि डबा भरून ठेवायचा. मग ऐनवेळी दोन मुठी पीठ पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत सोडलं, की आमटी तयार. घट्ट, झणझणीत, भाकरी चुरून खायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "तुमच्यासारख्या पळत्या बायांसाठीच हाय हे." मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांच्याकडे तशीच पद्धत.

आत्याबाई आमच्याकडे आल्या त्या दुष्काळामुळे. गंगापूर तालुक्यातलं त्यांचं गाव. त्या वर्षी विहीर संक्रांतीलाच आटली. सासरे जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेले आणि आत्याबाई एक गाठोडं आणि पोतंभर ज्वारी घेऊन आमच्या फ्लॅटवर. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आम्ही सातारा परिसरात नवीन घर घेतलं होतं. तिकडं इमारती भराभर उठत होत्या, पण नळाला पाणी म्हणाल तर नाही. टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, आठवड्याला पाळी बदलणारी. मी जालना रोडवरच्या एका ऑफिसात. मुलगी शाळेत. तिघांच्या निघण्याच्या वेळा तीन, आणि डबा एकच — पोळी आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी दमून आले की पुन्हा तेच, नाहीतर खिचडी.

आत्याबाई आल्या आणि आमच्या घराला पहिल्यांदा घरासारखा वास आला. रश्शात शिजवलेले पिठाचे शेंगोळे, वरणफळं, तव्यातलं कोरडं पिठलं, अंबाडीची भाजी, खारं वांगं. त्यांना पाण्याची जाण होती. "एका पातेल्यात जेवाण, एकच पातेलं घासायला," म्हणायच्या. मुलगी, जी दुधाशिवाय काही घेत नव्हती, ती ताटाला बोट लावून चाटायला लागली. नवरा रात्रपाळीहून आला की गरम भाकरी तयार. आणि मी? मला आयता डबा.

इथपर्यंत सगळं छान आहे ना? मलाही इथंच थांबावंसं वाटतं.

माझं माहेर औरंगपुऱ्यातलं. आजोबा पूजा सांगायचे, वडील कचेरीत कारकून. मी शेतकऱ्याच्या मुलाशी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा वडील दोन वर्षं बोलले नाहीत. मी ताठ मानेनं घर सोडलं होतं. मला वाटायचं मी फार धीट आहे. पण ऑफिसात मी माहेरचंच आडनाव लावत होते, आणि सासर कुठलं असं कुणी विचारलं, तर "इथंच, जवळ" असं काहीतरी पुटपुटून विषय बदलत होते. धीट माणसं असं करतात का?

पहिल्या दिवशी मी तो डबा ऑफिसात उघडला. आम्ही पाच जणी एका टेबलावर जेवायचो. बाजरीची भाकरी, शेंगोळे, लसणाचा ठेचा. वास खोलीभर पसरला. शेजारची शुभदा वाकून म्हणाली, "अगंबाई, हे काय गं? कुणी केलंय?"

तिचा तो आवाज मी नंतर किती वेळा मनात ऐकला असेल. त्यात हेटाळणी होती का? आज वाटतं — काहीच नव्हतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. पण त्या क्षणी माझे कान गरम झाले, आणि मी म्हणाले, "आमच्याकडे एक बाई येते स्वयंपाकाला. गावाकडची आहे."

कुणी मला तसं म्हणायला लावलं नव्हतं. सासूनं केलंय, एवढे दोन शब्द होते. ते आले नाहीत.

आणि गंमत बघा, त्यांना ते फार आवडलं. भाकरीचे तुकडे पाच जणींत वाटले गेले, ठेचा संपला, शुभदानं तर शेंगोळ्याचा रस बोटानं पुसून घेतला. "तुझी बाई कसली भारी करते गं!" दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्या डब्याची वाट बघत होत्या.

घरी आत्याबाई वाट बघत होत्या. त्यांना शहर माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दिसेल तेवढंच. पण त्यांना सगळं कळून घ्यायचं असायचं. मी चप्पल काढायच्या आत विचारायच्या, "खाल्लं का बायांनी? काय म्हणाल्या?" मी सांगायची, आवडलं. "कोन म्हणालं? नाव काय तिचं?"

शुभदाचं नाव कसं सांगणार? ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. भाजीला त्याच चौकात यायची. दोघींची गाठ पडली असती तर? म्हणून मी एक बाई तयार केली. पाठक मॅडम. हे आडनाव कुठून सुचलं, मला आजही माहीत नाही. आमच्या ऑफिसात पाठक नावाचं कुणी कधीच नव्हतं.

एकदा खोटं माणूस घरात आणलं की त्याला हात, पाय, नवरा, मुलं, सगळं द्यावं लागतं. आत्याबाईंचे प्रश्न संपतच नसत. पाठकबाईचा नवरा काय करतो? तोही पाळीवर. पोरं किती? दोन, शाळेत जातात. ती नोकरी करून सैपाक कधी करते? कणीक रात्रीच मळून ठेवते का? तिच्या पोरांना तिखट चालतं का? मी उत्तरं देत गेले. खरं म्हणजे मी माझंच घर सांगत होते, थोडं फिरवून. आत्याबाईंना पाठकबाईची काळजी वाटायला लागली. माझ्या डब्यासोबत एक छोटा डबा वेगळा येऊ लागला — पाठकबाईचा वाटा. तोही आमच्या टेबलावरच संपायचा.

सोबत निरोपही असायचे. "तिला सांग, रविवारी वाटणाचा गोळा करून ठिवायचा, आठवडाभर पुरतो. सांग, वरणफळाला भाजी लागत नाय, पोळी लागत नाय, पोरं पोटभर जेवत्यात. ज्वारीच्या पिठात कांदा-कोथिंबीर घालून धपाटे कर म्हणावं, डब्यात मऊ राहत्यात." हे सगळं मी टेबलावर सांगायची — "आमची बाई म्हणते की..." आणि त्या चौघी मन लावून ऐकायच्या. एक तर वहीत लिहून घ्यायची. शुभदाच्या घरी दर शनिवारी शेंगोळे व्हायला लागले. एका बाईच्या हाताची चव चार अनोळखी घरांत गेली. त्या बाईचा पत्ता कुणालाच नव्हता. तो मी लपवला होता.

मग आत्याबाई म्हणायला लागल्या, "रविवारी आन की तिला जेवायला." मी पाठक मॅडमच्या मुलाची परीक्षा काढली. मग त्यांच्या घरी पाहुणे आणले. मग बहाणे संपले, तेव्हा त्यांनाच आजारी पाडलं. कंबर धरली, म्हटलं, पंधरा दिवस घरीच आहेत. सोमवारी येतील कामावर.

आत्याबाईंनी डिंकाचे लाडू केले. उन्हाळा होता, डिंक गरम पडतो, पण कंबरेला दुसरं काय देणार, असं स्वतःशीच बोलत दोन दिवस खपल्या. सोमवारी सकाळी डबा ओट्यावर ठेवलेला होता. मी तो तिथंच सोडून निघाले. विसरले असं नंतर म्हणाले असते. विसरले नव्हते.

त्या दिवशी मला कागद घेऊन दुसऱ्या कचेरीत जायचं होतं. परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. टेबलावर तोच डबा होता, अर्धा रिकामा.

"तुझी बाई येऊन गेली," शुभदा म्हणाली. "बिचारी उन्हात रिक्षा बदलत, हातात पत्त्याचा कागद घेऊन आली. पाठक मॅडम कुठं बसतात म्हणून विचारत होती. मी म्हटलं, अहो, इथं पाठक म्हणून कुणी नाही, कधीच नव्हतं. तर नुसती बघत राहिली."

"मग?"

"मग मी विचारलं, तुम्ही आमच्या हिच्याकडे स्वयंपाकाला येता ना?"

मी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"व्हय म्हणाली. 'व्हय, म्याच करते' म्हणाली. मी म्हटलं, बसा, पाणी घ्या. बसली नाही. डबा ठेवून गेली."

व्हय. माझ्या सासूनं व्हय म्हटलं. मुलगा, सून, नात असलेल्या त्या बाईनं, परक्या खोलीत उभं राहून, एका क्षणात सगळं ओळखलं आणि माझं खोटं आपल्या डोक्यावर घेतलं. नाही म्हणाली असती तर? मी तिची सासू हाय, असं म्हणाली असती तर? म्हणण्याचा हक्क होता की तिला.

संध्याकाळी घरी गेले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"लाडू इसरली व्हतीस. म्या देऊन आले."

"हो," मी म्हणाले.

"बाया चांगल्या हायत तुझ्या. पानी दिलं." भाकरी तव्यावर पडली. त्यांनी तिच्यावरनं पाण्याचा हात फिरवला. "पाठकबाई काय भेटली नाय. रजेवर असंल."

बोलायला एवढी जागा मला आयुष्यात पुन्हा कुणी दिली नाही. आत्ता पाय धरायचे, आत्ता सांगायचं. मी काय म्हणाले माहीत आहे?

"हो, रजेवर आहेत."

त्यांनी भाकरी उलटली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन डबे होते. माझा, आणि छोटा. आणि संध्याकाळी मी आल्यावर प्रश्नही तोच — "काय म्हणाली पाठकबाई?" मी म्हणाले, आवडलं. अशी दोन वर्षं गेली. रोज त्या विचारायच्या, रोज मी सांगायची. एकदाही आवाजात टोचणी नव्हती. मी शोधायची, कान देऊन शोधायची. भाजी कुठली, मीठ बरोबर होतं का, पोरांनी खाल्लं का — अगदी पूर्वीसारखं.

का विचारत असतील त्या? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मला शिक्षा म्हणून? मग त्यात समाधान दिसलं असतं. माझी लाज झाकायला? की मी एक दिवस आपणहून बोलेन म्हणून रोज दार उघडं ठेवत होत्या? की त्यांना ती पाठकबाई खरंच हवी होती — नोकरी, पोरं, पाळीवरचा नवरा सांभाळून दमलेली, त्यांच्या हातच्या घासाची वाट बघणारी कुणीतरी? मी तर समोर बसून तेच खात होते. मी त्यांना कधी म्हणाले होते का, आत्याबाई, आज छान झालंय? आठवून बघते. पाठक मॅडमच्या तोंडूनच म्हणाले. माझ्या तोंडानं नाही.

मग पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आलं, त्या गावी परत गेल्या. फोनवर नातीची चौकशी झाली की पाठकबाईची व्हायची. शेवटच्या वर्षी त्यांना नीट दिसेना. मी एकटी भेटायला गेले होते. दुपारी घरात आम्ही दोघीच. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "पाठकबाई बरी हाय का?"

"बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात."

"काढंल की," त्या म्हणाल्या, आणि हात सोडला नाही.

पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. मी ऑफिसात रजा टाकली — सासूबाई वारल्या. चौघीजणी घरी भेटायला आल्या, माझ्या पाठीवरनं हात फिरवला. कुणालाच ठाऊक नव्हतं की कोण गेलंय.

काही महिन्यांनी जेवताना शुभदा म्हणाली, "तुझी ती स्वयंपाकाची बाई कुठं असते गं आता? येसर संपलंय माझं, म्हटलं तिच्याकडूनच करून घ्यावं."

मी म्हणाले, "ती काम सोडून गेली. गावाकडं."

"अरेरे. हात चांगला होता तिचा. नाव काय होतं?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, आता आठवत नाही.

गयाबाई. गयाबाई नाव होतं.