भाड्याची मोटार आणि लेखी परवाना

मोटार चालवताना ती वळवावीही लागते, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

हसू नका. आमचं सगळं घराणं रेल्वेचं. आजोबा गँगमन, वडील फायरमन, आणि मी भिलाईच्या कारखान्यात, आतल्या यार्डात शंटिंगच्या इंजिनावर. इंजिन पुढे न्यायचं, मागे आणायचं, थांबवायचं, एवढंच ड्रायव्हरचं काम. कुठं वळायचं ते रूळ ठरवतात आणि सांधे बदलणारा पॉइंट्समन ठरवतो. ड्रायव्हरनं त्यात नाक खुपसायचं नसतं!

पण खरं दुखणं मोटारीचं नव्हतं, सुमनचं होतं. सुमन म्हणजे माझी बायको. बाळंतपणाला नागपूरला माहेरी गेली ती गेलीच. मुलगी आठ महिन्यांची झाली तरी हिचा परत यायचा पत्ता नाही. मी एकटाच क्वार्टरमध्ये करपलेला भात खात बसलेलो. मला वाटे, हिला भिलाई आवडली नसणार. आवडावी कशी? तेव्हा भिलाई म्हणजे निम्मं खोदकाम आणि निम्मी धूळ! म्हणून मी पत्रांतून भिलाई जरा सजवायला घेतली. पहिल्या पत्रात झाडं लावली. दुसऱ्यात क्लबातलं जेवण आलं. तिसऱ्यात धोबी आला. तेवढ्यात सुमनच्या बहिणीच्या नवऱ्यानं मोटारसायकल घेतल्याचं कळलं, आणि चौथ्या पत्रात मी मोटार चालवायला लागलो. (पत्रात वेग फार लवकर येतो.) त्याच भरात पुढे लिहून टाकलं, ‘येत्या जत्रेत मोटारींची शर्यत आहे, तीत मीही उतरणार आहे.’

उलट टपाली सासऱ्यांचं कार्ड आलं. ‘जयभीम. शर्यत पाहाले सुमन आणि मुलीसह येत आहो. पोरीचं मन पाहून काय ते ठरवू. संध्याकाळच्या गाडीनं परत.’

ते कार्ड वाचून मी जो खाटेवर बसलो तो ड्युटीच्या भोंग्यालाच उठलो. ‘काय ते ठरवू’ म्हणजे काय, हे न कळायला मी लहान नव्हतो. त्या दिवशी सुमन गाडीत बसली की पुन्हा यायची नाही. मुलगी मला मामा म्हणायला लागेल!

शर्यत मात्र खरी होती. आमच्या भिलाईत रस्ते आधी झाले आणि घरं मागाहून. सेक्टर दहाच्या बाजूला एक मोठा गोल रस्ता डांबर टाकून तयार होता आणि त्याच्या कडेला राहायला अजून चिमणीसुद्धा आली नव्हती. जत्रेच्या दिवशी तो रस्ता सगळ्यांना खुला. ज्याच्याकडे गाडी असेल त्यानं यावं आणि तीन चकरा माराव्यात.

मोटार मी दुर्गहून भाड्यानं आणली. रज्जाकभाईंची टॅक्सी. तिचं मागचं एक दार सुतळीनं बांधलेलं होतं आणि दुसरं उघडतच नव्हतं.

“चलाना आता है ना?” रज्जाकभाईंनी विचारलं.

“इंजिन चलाता हूँ, भाईजान! पूरी मालगाड़ी खींचता हूँ!”

दोघांनाही हे उत्तर पुरेसं वाटलं. दुर्गहून भिलाईकडे येणाऱ्या सरळ रस्त्यावर त्यांनी मला दोन सकाळी शिकवलं. क्लच, गिअर, पायाखालचा ब्रेक, सगळं मी चटकन उचललं. रज्जाकभाई शेजारी बसून एका हातानं ते समोरचं गोल चाक धरून असायचे. मला वाटलं, आधाराला धरलं असेल. रस्ता संपला की मी चहा प्यायला उतरायचो आणि चहा होईतो मोटार उलट्या दिशेला तोंड करून उभी असायची. कशी झाली, हे मी एकदाही विचारलं नाही. यार्डात इंजिन फिरवणारी माणसं वेगळी असतात, इथंही असतील.

जत्रेच्या दिवशी सासरे आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. मामाजी मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले होते, पण ते फक्त कागदावर. पिशवीत लाल-हिरवी झंडी, खिशात घड्याळ आणि गळ्यात शिटी अजून होतीच. मागे मुलीला कडेवर घेतलेली सुमन. तिनं माझ्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं आणि सुतळीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“रज्जाकभाई, आप उतरो,” मी ऐटीत म्हणालो. “मैं अकेला ले जाऊँगा.”

“एकटा कसा?” मामाजी गरजले. “गार्डाशिवाय गाडी हालत नाही जवाईबापू! मी बसतो मांगं.”

सुतळी सोडून मामाजींना मागं बसवलं आणि पुन्हा सुतळी बांधली. रेषेवर आठ मोटारी आधीच उभ्या होत्या. एकीत कारखान्यातला एक रशियन साहेब होता, त्यानं माझ्याकडे पाहून हात हलवला. मीही हलवला. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा सुखाचा क्षण.

शर्यत सुरू करून देणारे साहेब समोर आले. त्यांच्या हातात होतं लाल फडकं! त्यांनी ते वर धरलं आणि जोरजोरात हलवलं. आठच्या आठ मोटारी सुसाट निघाल्या. माझा पाय क्लचवरून उठणार, इतक्यात मागून शिटी.

“थांबा जी! लाल हाये!”

“मामाजी, इथं लालच दाखवतात वाटतं...”

“वाटतं म्हणजे? तीस वरसं नोकरी केली मी. लाल दिसल्यावर चाक हाललं त रिपोर्ट करीन!”

तुम्ही म्हणाल, ऐकायचं कशाला? पण खरं सांगू? लाल पाहिल्यावर माझाही पाय उठेना. तिकडं रज्जाकभाई बेंबीच्या देठापासून ओरडत होते, “भागो! अरे भागो!” साहेब गोंधळून आणखी जोरात लाल फडकं हलवत होते. ते जितकं हलवत तितके आम्ही घट्ट उभे राहत होतो.

शेवटी मामाजी उतरले. लाल असताना पुढं जायचं तर लेखी परवाना लागतो, हा नियम. मामाजींनी साहेबांना बाजूला घेतलं, जत्रेच्या जाहिरातीचा कागद उलटा केला आणि त्यावर लिहून घेतलं, की या गाडीस लाल झंडी असताना पुढे जाण्याची परवानगी देण्यात येत आहे. खाली वेळ आणि साहेबांची सही. मग कागद माझ्याकडे आला.

“वाचा. समजलं? करा सही.”

मी सही केली. तोवर रशियन साहेब पहिली चक्कर पुरी करून, पुन्हा हात हलवून निघून गेला होता. सुमन गर्दीत उभी होती. तिचा चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती.

मामाजींनी मागं बसून हिरवी झंडी फडकावली आणि आम्ही निघालो. पहिला तुकडा सरळ होता. मोटार छान पळाली. “शाबास!” मामाजी म्हणाले. मग समोर वळण आलं. मी छाती काढून समोर बघत, मोटार वळायची वाट पाहत बसलो.

“जवाईबापू, रस्ता उजव्या बाजूनं गेला.”

“हो मामाजी, गेला.”

“मंग आपण कुठं जाऊन राहिलो?”

“सरळ!”

मोटार डांबर सोडून लाल मातीत उतरली. समोर नव्या क्वार्टरांचे पाये खणलेले! पायाखालचा ब्रेक मला माहीत होता हो, पण घाबरलेल्या माणसाच्या हातांना जुनी नोकरी आधी आठवते. आमच्या इंजिनावर हातब्रेक गोल फिरवून आवळायचा असतो. समोर एक गोल चाक होतंच. मी ते दोन्ही हातांनी जीव खाऊन आवळलं.

आणि मोटार वळली! इतकी वळली, इतकी वळली, की मोठा वळसा घेऊन पुन्हा रस्त्यावर आली. फक्त तोंड उलट दिशेला. समोरून आठ मोटारी.

“एकाच लाईनवर समोरून गाडी!” मामाजी किंचाळले आणि लाल झंडी घेऊन अर्धे खिडकीबाहेर आले. “आवळा! ब्रेक आवळा!”

“आवळूनच राहिलो मामाजी!”

मी आणखी दोन वेढे आवळलं. मोटार पुन्हा गरकन फिरली, रस्ता ओलांडून पलीकडच्या गिट्टीच्या ढिगावर चढली आणि तिथं, नाक आभाळाकडे करून, एकदाची बंद पडली. एक दिवा फुटला. सुतळी तुटली.

मला वाटलं, याहून वाईट आता काय होणार! पण मामाजींची ड्युटी संपली नव्हती. ते उतरले, घड्याळ पाहून वेळ टिपली आणि लाल झंडी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. आठही मोटारी खोळंबल्या. हॉर्न वाजले, विनवण्या झाल्या, रशियन साहेबानं आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. मामाजी ढिम्म. “लाईन क्लिअर नाही!” शर्यत रद्द झाली.

साहेब धावत आले, लालबुंद. “या माणसाला गाडी चालवायची परवानगी दिली कोणी?”

मामाजींनी अदबीनं कागद पुढं केला. “साहेब, तुमीच. हे पाहा, सही.”

रज्जाकभाई तर ढिगाशी मटकन बसले होते. “मोड़ा क्यों नहीं?” ते रडकुंडीला येऊन विचारत होते. “अरे, मोड़ा क्यों नहीं?”

“मोड़ना भी मुझे ही था?” मी म्हणालो. त्यांनी डोकं धरलं.

मी ढिगावरून उतरलो तर समोर सुमन. कडेवर मुलगी. संध्याकाळच्या गाडीला दोन तास होते. आता ही निघाली, कायमची निघाली, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि चूक सगळी माझीच होती.

“मोटार कोनाची?” तिनं विचारलं.

“भाड्याची.”

“चालवता येते तुमाले?”

“नाही.”

“क्लबातलं जेवण?”

“भात करपतो,” मी मान खाली घातली. “रोज.”

“अन् धोबी?”

मी शर्टाच्या कॉलरकडे बोट दाखवलं. तिनं ती कॉलर चिमटीत धरून पाहिली.

“मंग हे आधी कावून नाही लिहिलं?” ती एकदम कडाडली, पण डोळ्यांत पाणी. “दर पत्रात आपलं, जेवण हाये, धोबी हाये, मोटार हाये. सारंच हाये, त मी येऊन करू काय? मले वाटलं, या मानसाले आता कोनाचीच गरज नाही. म्हनून नाही आली!”

म्हणजे तिला आणायला मी जितकी पत्रं लिहिली, तितके महिने ती येत नव्हती! साधं एक कार्ड टाकलं असतं, ‘भात करपतो’, तर ती पुढच्याच गाडीनं आली असती. मला रडावं की हसावं कळेना. मग वाटलं, आता हीच वाट धरावी, आणि मी स्टेशनपर्यंत सांगत सुटलो. मला बटण लावता येत नाही. दूध उतू जातं. भाजी आणायला गेलो की भाजीवाली मला फसवते. झोपेत मी ‘लाईन क्लिअर’ म्हणून ओरडतो...

मामाजी डब्यात चढले. गाडीनं शिटी दिली. सुमन मुलीला घेऊन प्लॅटफॉर्मवरच उभी राहिली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

“पुरे करा जी. बाकीचं गाडी सुटल्यावर सांगा. सारं आत्ताच सांगतलं त मी बी गाडीत बसून जाईन.”

मी गप्प बसलो. पुढंही काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही म्हणा. बाकीचं सगळं तिला पहिल्या आठवड्यातच सापडलं.