मास्टरांच्या डब्यातली काडतुसं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "अहो, निवृत्त झालात ना, आता तरी सोडा." सोडायचं ठरवलं की जास्तच आठवते, म्हणून एकदाची लिहूनच टाकतो.

मी नोकरी केली ती बव्हेरियाच्या पोलिसांत. शाळकरी वयात वडिलांबरोबर साताऱ्याहून जर्मनीत आलो, इथेच शिकलो, इथेच वर्दी चढवली, पुढे गुन्हे शाखेत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्या ठाण्यात मराठी माणूस मी एकटाच. इथले कारभाराचे लांबलचक शब्द मी वाचकांच्या माथी मारणार नाही. जबाब तो जबाब आणि मुद्देमाल तो मुद्देमाल, भाषा कुठलीही असो. नावं कुणाचीच देणार नाही. एकाचं द्यावंसं फार वाटतं, तरी देणार नाही.

रेगेन्सबर्गजवळच्या एका गावात नेमबाजी संघ आहे. इथे गावोगावी असे संघ असतात. तिथले एक वयस्क सभासद नवशिक्यांना रायफल चालवायला आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरायला शिकवत. त्यांना सगळे मास्टर म्हणत. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्यात दारू मोजून भरायची, वर नवी गोळी बसवायची, असा हा छंद. त्यासाठी इथे परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवाना लागतो. मास्टरांची मुलगी दातांच्या कवळ्या बनवायची. तीही परवानाधारक होती. आजोबांची जुनी शिकारी रायफल तिच्या वाट्याला आली होती आणि त्या रायफलीची काडतुसं मास्टर स्वतः भरून देत.

एका शनिवारी सकाळी ती मैदानावर गेली. घरच्या कपाटातून आणलेला वडिलांचा नेहमीचा हिरवा डबा उघडला, पहिलं काडतूस रायफलीत घातलं आणि चाप ओढला. गोळी पुढे गेली, पण वायूचा दाब मागेही फुटला. नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टला तडा गेला आणि पितळेचे कण तिच्या उजव्या डोळ्यात घुसले. संरक्षक चष्मा तिने घातला नव्हता. मी पोहोचलो तेव्हा तिला हेलिकॉप्टरने नेलं होतं आणि मास्टर जमिनीवर बसून त्या डब्याकडे बघत होते.

"मीच भरली असणार," ते मला म्हणाले. "डबा माझा आहे. कपाट माझं आहे. दुसरं कोण भरणार?"

"कधी भरलीत, आठवतं?"

"नाही आठवत. हल्ली बरंच आठवत नाही."

मी पंचनामा केला, डबा मुद्देमालात घेतला. त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. संघातल्याच एका सभासदाची खबर: म्हातारा विसराळू झालाय, परवाना कधीच काढून घ्यायला हवा होता. माणूस पडला की वरून लाथ घालायला दोघं-चौघं कायम तयार असतात. हे मी साताऱ्यातही पाहिलं आणि बव्हेरियातही. दुसऱ्याच दिवशी मास्टरांच्या सगळ्या रायफली जप्त झाल्या. माझ्या तरुण सहकाऱ्याने तर कागदपत्रंही आटोपत आणली होती. आरोपी स्वतः कबूल करतोय, मग आणखी काय हवं?

मला मात्र ती कबुली पटत नव्हती. गुन्हा कबूल करणारा माणूस काय केलं ते सांगतो. हे फक्त 'केलं असणार' एवढंच म्हणत होते.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. डब्यातल्या उरलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या जुन्या लष्करी साठ्यातल्या होत्या. नेहमीच्या गोळीपेक्षा लांब, आणि केसभर जास्त जाड. इथे जुन्या रायफलींच्या एका काडतुसाच्या दोन जाती आहेत. दिसायला सारख्या, नाव जवळजवळ एकच, पण नळीच्या मापात फरक. जाड गोळी रुंद नळीतून निभावते. अरुंद नळीत तीच गोळी रेटली जाते आणि दाब कुठल्या कुठे चढतो. मुलीची रायफल अरुंद नळीची होती. त्यात लांब गोळी पुंगळीत खोल बसल्यामुळे आत दारूला जागा कमी उरली होती. भरणाऱ्याने पुस्तकातला साध्या गोळीचा आकडा उचलला होता आणि या गोळीसाठी तो तसाच वापरला होता.

मी मास्टरांना विचारलं, "अशा गोळ्या तुम्ही कधी विकत घेतल्या?"

"मोजमाप न करता? छे!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग लगेच उतरला. "पण तळघरात खूप सटरफटर पडलंय. असतील त्यातल्या."

"हा डबा इतक्यात घराबाहेर गेला होता?"

"गेला होता ना. रिकाम्या पुंगळ्या घालून एका नवशिक्याला दिला होता, हात बसायला. त्याने आणून दिला. मी न उघडताच ठेवून दिला."

हा नवशिका म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीतला एक मराठी इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. सहकारी म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, डबा नेला आणि परत केला, विषय संपला." त्याच्या दृष्टीने संपलाच होता. माझ्या दृष्टीने तिथेच सुरू झाला. माझ्या आईने उभ्या जन्मात शेजारणीचा डबा रिकामा परत केला नव्हता. साखर घालेल, चार शेंगदाणे घालेल, पण काहीतरी घालेलच.

मी इंजिनिअरच्या घरी गेलो, साक्षीदाराची रीतसर विचारपूस म्हणून. दार त्याच्या सासूबाईंनी उघडलं. लेकीकडे काही महिन्यांसाठी आल्या होत्या. पोलिसात मराठी माणूस बघून त्यांना कोण आनंद! चहा आला, चिवडा आला. इंजिनिअर समोरच्या सोफ्यावर बसला होता आणि चहाला हात लावत नव्हता.

"सर, मी तो बॉक्स रिटर्न केला, दॅट्स इट," तो म्हणाला. "आत काय होतं ते त्यांनी चेक करायला पाहिजे होतं ना? आल्झो, म्हणजे, रिस्पॉन्सिबिलिटी त्यांचीच आहे."

तो डबा कशाचा होता हे सासूबाईंना माहीत नव्हतं. त्या कौतुकाने सांगू लागल्या, "अहो, हिरवा डबा ना? आठवतोय मला. मी जावईबापूंना म्हटलं, त्या आजोबांनी इतक्या मायेनं दिलाय, रिकामा नका देऊ, थोड्या करंज्या घालते. तर म्हणाले, नको आई, मी माझ्या हातचंच काहीतरी घालून देतो, त्यांना सरप्राइज!"

तिथेच उभ्या असलेल्या इंजिनिअरच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं.

मी हातातला कप खाली ठेवला. "थांबा," मी सासूबाईंना म्हणालो, "आता पुढे काही बोलू नका." मग त्याच्याकडे वळून त्याचे हक्क त्याला वाचून दाखवले. तू आता साक्षीदार नाहीस, संशयित आहेस. गप्प राहायचा अधिकार आहे, वकील घ्यायचा अधिकार आहे.

दुसऱ्या दिवशी तो वकिलाला घेऊन ठाण्यात आला आणि सगळं सांगितलं. परीक्षा तो नुकताच पास झाला होता. कुठल्याशा ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्त लष्करी गोळ्या घेतल्या, पण वजन सोडून दुसरं काही मोजलं नाही. सगळ्यात कमी मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं असतं, ही त्या अभ्यासक्रमातली पहिली शिकवण. याने सुरुवातच वरून केली. त्याच्या स्वतःच्या रुंद नळीच्या रायफलीतून ती काडतुसं सुटली, मग त्याला वाटलं, आपल्याला जमलं. गुरूला दाखवायचं म्हणून तीच डब्यात भरली. डब्यावर चिठ्ठी नाही, गोळी कुठली ते नाही, दारू किती ते नाही. आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा नियम त्याने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

"अपघाताच्या दिवशी दुपारपर्यंत तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "माझं आइनब्युर्गरुंग चालू आहे. फाइल शेवटच्या टप्प्यात आहे. अशा केसमध्ये नाव आलं तर नागरिकत्व अडकेल ना?" आणि मग एकदम मराठीत, हळू आवाजात, "काका, तुम्ही आपलेच आहात. काहीतरी बघा ना."

नोकरीत मी कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो. मला म्हणे आपला! मुलीचा डोळा कसा आहे, हे त्याने तोवर एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी त्याच्या वकिलानेच विचारलं, आणि मी सांगितलं की तो डोळा गेला.

त्याच्या तळघरातून तशाच गोळ्या मिळाल्या, मापं जुळली. त्याचे परवाने गेले, निष्काळजीपणाबद्दल दंड झाला. नागरिकत्वाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

पण ती पुढची गोष्ट. इंजिनिअरची कबुली झाली त्याच दिवशी मी मास्टरांच्या घरी गेलो. मुलगी इस्पितळातून घरी आली होती आणि वरच्या खोलीत असायची. मास्टर खाली स्वयंपाकघरात राहात. जेवण पायरीवर ठेवत, ती येऊन घेऊन जाई. तिला तोंड दाखवायची हिंमत त्यांना होत नव्हती.

"तुम्ही भरली नव्हती," मी सांगितलं. "एकही नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही." मग कुणी भरली ते सांगितलं.

ते म्हणाले, "तो? तो तर दर रविवारी येतो."

"कोण येतो?"

"तुमच्या देशाचा तो मुलगा. इथेच, या खुर्चीवर बसतो. माझा हात हातात घेतो. मला म्हणतो, मास्टर, स्वतःला दोष देऊ नका, तुमच्या वयात होतं असं."

एवढं बोलून ते उठले आणि कठड्याला धरून जिना चढू लागले. वर दार उघडल्याचा आवाज आला. ती काहीतरी बोलली आणि मग दोघांचं रडणं ऐकू आलं. मी बाहेर गाडीत येऊन बसलो.

नवशिक्यांना सांगण्यासारखं या प्रकरणात पुष्कळ आहे. गोळी मोजा, नळी मोजा, कमीपासून सुरुवात करा, डब्यावर लिहा, दुसऱ्याला देऊ नका, चष्मा घाला. हे सगळं पुस्तकात असतं आणि पुस्तक त्याच्याकडे होतं. चूक कुणाच्याही हातून होते. ती त्याने त्याच दुपारी सांगितली असती, तर मी त्याच्यासाठी दोन शब्द चांगले लिहिले असते. मला या प्रकरणाने शिकवलं ते वेगळंच. कबुली आली म्हणून फाइल मिटायची नाही, ती कबुली त्या माणसाच्या मनात कुणी घट्ट बसवली तेही बघायचं.

निष्काळजीपणाला कलम होतं, स्वतः भरलेली काडतुसं दुसऱ्याला देण्याला कलम होतं. पण एका बापाचा हात हातात घेऊन 'तुमच्या वयात होतं असं' म्हणण्याला कुठलंच कलम नव्हतं. मी सगळी पुस्तकं काढून शोधलं होतं.