अर्धी दशमी

चाळीसगाव स्टेशनावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेटी डब्यात चढवली आणि खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. "परका मुलूख शे, पोरी. आपली बोली बोलस तो आपला मानूस. त्याना हात सोडू नको." आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. वाट दाखवेल त्याला शिदोरीतली अर्धी दशमी मोडून द्यायची, ही आमच्या घरची रीत. मी नवऱ्याकडे लंडनला निघाले होते. सत्तर साल असेल.

बायांनो, तुम्ही विचारता, तिकडे आपलं माणूस भेटतं का गं? भेटतं की. पहिल्याच दिवशी भेटलं.

विमानतळाच्या बसमधून उतरले तर भर दुपारी अंधारून आलेलं, आणि घ्यायला येणाऱ्या नवऱ्याचा पत्ता नाही. मेल्या थंडीनं दातखीळ बसली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "अक्का, कोठे जाई ऱ्हायनी?" माझ्या जिवात जीव आला. काळा कोट, चापून बसवलेले केस, बोली थेट आमच्या गावाकडची. म्हणाला, दाजींनीच पाठवलंय, त्यांना सुट्टी मिळाली नाही, गाडी पलीकडे उभी आहे. शिक्के बघतो म्हणून पासपोर्ट मागितला. दिला. का नाही देणार? वर डबा उघडून अर्धी दशमी त्याच्या हातावर ठेवली.

तो बाजूला गेला, दशमी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात कोटाला पुसले.

आमच्याकडचा माणूस उपाशी राहील, पण भाकर टाकणार नाही. दाजींचं नाव काय, विचारलं. तो नुसता हसला. मग मी त्याचा कोट दोन्ही हातांनी धरून पेटीवर बसकण मारली. लोक थांबून बघायला लागले, एक पोलीस आमच्याकडे वळला. तेव्हा त्यानं पासपोर्ट माझ्या मांडीवर टाकला, खाली वाकला आणि अगदी मायेनं म्हणाला, "अक्का, आठे बठ्ठा मन्हासारखाच शेतस."

इथे सगळे माझ्यासारखेच, म्हणे.

कोट सोडवून तो गर्दीत शिरला. नवरा आला तेव्हा मी तशीच पेटीवर बसलेली. पुढे तिकडे सुखात राहिले, खोटं कशाला बोलू? पण रस्त्यात आपली बोली कानावर आली की मी वाट बदलायची.

काही वर्षांनी माहेरी आले. चाळीसगावला उतरते न उतरते तोच मागून कोणी म्हणालं, "अक्का, कोठे जाई ऱ्हायनी?" मी पर्स छातीशी धरून मागे सरले. म्हातारा हमाल होता बिचारा. पेटीकडे नेलेला त्याचा हात तसाच राहिला. मला घ्यायला आलेल्या आबांनी ते पाहिलं. वाकून पेटी स्वतःच उचलली आणि माझ्यापुढे चालू लागले.