मी पडीक लिहिलेलं रान

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. सोमवारी ते तहसील कचेरीत उघडं पडणारच आहे — पण तिथल्या कागदी भाषेत ते फार साळसूद दिसेल. म्हणून आधी तुम्हाला सांगते. ते साळसूद नाही.

निसर्गसंवर्धन आणि शाश्वत विकास शिकायला मी हॉलंडला गेले होते. शिक्षकाची मुलगी, शिष्यवृत्ती मिळाली, वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. परभणी जिल्ह्यात वालूरजवळच्या खेड्यात राहणारी माझी गया आत्या — ऊसतोडीला जाते ती — तिनं तर गावभर करून ठेवलं की आमची पोरगी झाडांची डॉक्टर व्हायलीय.

शेवटच्या वर्षी क्षेत्रभेट असते. परदेशातल्या एखाद्या गावी जायचं, जमीन-पाणी बघायचं, नकाशा करायचा. आत्याचं गाव मीच सुचवलं. भाषा येते, ओळखी आहेत — आयती सोय! आमचे सर आणि नऊ विद्यार्थी जानेवारीत आले. त्यांना आमचं ऊन सोसणार नाही म्हणून जानेवारी.

आता जानेवारीत आमच्याकडचं गाव बघू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. खरिपाची ज्वारी काढून वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. दारांना कुलपं, रानं उघडी. मला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. मी बोलले नाही.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. त्यातली दोन एकरं आत्या कसते. तिच्या सासऱ्यानं दगड वेचून केलेलं रान, पण सातबाऱ्यावर नाव नाही. सर तिथं थांबले. वाकून ज्वारीचं एक धसकट उपटलं आणि विचारलं, इथं कोण पेरतं?

कोणी नाही, मी म्हणाले.

नकाशावर मीच लिहिलं — पडीक, वापर नाही.

का? आमच्या माणसांना सरकारी भाषेत अतिक्रमणदार म्हणतात, आणि वर्गात मी ‘आमची शेती आहे’ म्हणून मिरवत होते. शिवाय माझ्या प्रबंधाला मोकळं माळरान हवं होतं. यातलं मोठं कारण कोणतं? मला अजून सांगता येत नाही. पण गुण उत्तम मिळाले.

तरीही — इथवर मी तुम्हाला आडवळणानं आणलंय. खरं पाप पुढंच आहे.

आमचा अहवाल एका संस्थेनं घेतला आणि तो झाडं लावायच्या योजनेला जोडला गेला. आत्या पुढच्या वर्षीचा हंगाम संपवून परतली तर रानात चर खणलेले, भोवती तारेचं कुंपण. तोवर मी शिकून परभणीला आले होते. ती ग्रामपंचायतीतून एक कागद घेऊन थेट माझ्याकडे आली. “बग की, काय लिवलंय ह्याच्यात. तू त्यातलंच शिकलीस न्हवं?”

तो माझाच नकाशा होता. खाली माझं नाव, इंग्रजीत. ते तिला वाचता येत नव्हतं.

मी म्हणाले, “सरकारी कागद आहे, आत्या. याच्यापुढं आपलं काही चालत नाही.”

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला हो! चहा पिऊन गेलीसुद्धा. त्याला चार वर्षं झाली. पूर्वी ऊसतोडीहून आली की घरची ज्वारी कणगीत असायची. आता पावसाळाभर दुसऱ्याच्या रानात खुरपते, गुडघे धरून. आणि दर दिवाळीला मी तिला साडी नेते. लाज वाटायची, साडी महाग व्हायची, तोंड बंदच राहायचं.

आता गायरान कसणाऱ्यांकडून कचेरीनं अर्ज आणि वहिवाटीचा पुरावा मागितलाय. तो माझ्याकडे आहे. त्या जानेवारीतले फोटो — ओळीत उभी धसकटं, बांध, खाली तारीख. तेच माझ्या खोटेपणाचेही पुरावे. मी ते जोडणार आहे. सोबत माझं प्रतिज्ञापत्र: रान कसलेलं होतं, कुणाचं होतं हे मला माहीत होतं, मी खोटं लिहिलं. विद्यापीठालाही कळवलंय. पदवीचं काय करायचं ते त्यांनी करावं. आता मागं फिरणं नाही.

परवा आत्याला सांगितलं. ती तूर पाखडत होती. सूप थांबलं. “तवाच बोलली असतीस,” ती म्हणाली, “तर चार पिकं निगाली असती.”

सोमवारी कचेरीत द्यायला मी तिच्या नावानं लिहिलेला अर्ज काढला. तो वाचून दाखवायला लागले, तशी तिनं हातानंच थांबवलं. शेजारच्या सुनेला हाक मारली, कागद माझ्या हातातून घेऊन तिच्याकडे दिला.

“तू वाच गं.”

ती वाचत होती, आत्या ऐकत होती. मी उंबऱ्यापाशी उभी होते. सगळं ऐकून झाल्यावर तिनं अंगठा उठवला.