भावोजी आणि परदेशातला चिखल

जगात जिथे जिथे उघड्या मैदानावर चिखल, लाउडस्पीकर आणि हजारो माणसं एकत्र आली, तिथे तिथे आमचे भावोजी उभे राहून आले आहेत. फक्त स्वतःच्या शेतातल्या चिखलात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे मी कौतुकाने सांगतोय की रागाने, ते मलाही नेहमी कळत नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा त्यांच्याविषयी जे बोलायचं ते मान राखून बोल, असं आई मला बजावून गेली आहे. आईचा शब्द मी पाळतो. पण मान राखता राखता माझी स्वतःची मान अवघडून गेली, त्याला काय करायचं?

भावोजी पूर्वी बोटीवर होते. आमच्या किनाऱ्यावर मुलगा बोटीवर आहे म्हटलं की मुलीचा बाप पुढचं काही विचारत नाही. आमच्या बाबांनीही विचारलं नाही. ताईचा निम्मा संसार ‘कधी येणार’ आणि ‘कधी जाणार’ या दोन प्रश्नांत गेला. अशाच एका फेरीत बोट परदेशातल्या कुठल्याशा बंदराला लागली, भावोजींना सुट्टी मिळाली, आणि ते पाय मोकळे करायला म्हणून निघाले ते गर्दीच्या मागे मागे एका मैदानात शिरले. तिथे संगीताचा मोठा उत्सव चालू होता. आत गेलेला माणूस आमचा होता, बाहेर आला तो कुणाचाच नव्हता. पुढे त्यांनी बोट सोडली, नागावला वाडीत नारळी-पोफळीच्या सावलीला चार खोल्या बांधल्या, पर्यटक ठेवायला सुरुवात केली. ताईला वाटलं, माणूस एकदाचा घरी आला. पण पावसाळा तोंडावर आला, पर्यटक बंद झाले, आणि भावोजींनी बॅग काढली. “आता धंदा बंद, म्हणजे मी मोकळा,” म्हणाले. त्यांच्या मोकळेपणाचा आणि तिकडच्या उत्सवांचा हंगाम एकच, हे त्यांना दैवी संकेतासारखं वाटायचं. तोच हंगाम शेताचाही असतो, हा संकेत मात्र त्यांना कधी दिसला नाही.

तिकडच्या उत्सवांत शिरताना मनगटाला कापडी पट्टी बांधतात. माणसं घरी गेली की ती कापून टाकतात. भावोजी कापत नाहीत. वर्षावर वर्षं पट्ट्या साठत जाऊन त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपराच्या दिशेने निघाला आहे. घरात सत्यनारायण होता तेव्हा भटजी धागा बांधायला हात शोधत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, “हे सगळे कुठल्या देवाचे?” भावोजींनी एकेक पट्टीवर बोट ठेवून देश सांगायला सुरुवात केली. भटजी समंजस होते. त्यांनी धागा डाव्या हाताला बांधला आणि पोथी उघडली, नाहीतर प्रसादाचा शिरा थंड झाला असता.

दुसरं त्यांचं व्रत म्हणजे कान सांभाळणं. तिकडे मोठ्या आवाजापासून बचाव म्हणून कानात मऊ बोंडं घालतात. तीही भावोजी डबी भरून घेऊन आले. चुलतभावाच्या हळदीला, म्हणजे आमच्याकडची हळद, जिच्या आवाजाने शेजारच्या गावातल्या म्हशी दूध चोरतात, त्या हळदीला भावोजी दोन्ही कानांत नारिंगी बोंडं घालून आले. आमच्या पार्वतीकाकीने लांबून पाहिलं आणि तिला वाटलं, जावयाचे कान फुटले. ती तशीच घरात गेली, खोबरेलात लसूण कडकडवून वाटी घेऊन आली आणि भर मांडवात म्हणाली, “जावयबापू, मान वाकडी करा.” भावोजींना काही ऐकू गेलं नाही. त्यांना वाटलं म्हातारी नाचायला बोलावते आहे. त्यांनी मान डोलावली, आणि कोमट तेल सदऱ्यावर सांडलं. एवढं होऊनही ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “आपल्याकडं साउंडची अक्कल न्हाय रे कुणाला. तिकडं पब्लिक कसं, गाणं चालू असताना एक माणूस बोलत न्हाय.” हे सांगताना ते स्वतः अखंड बोलत होते.

जाताना ते सुका जवळा मात्र नेतात. परदेशात तंबूत बसून जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खातात. एकदा शेजारच्या तंबूतला एक गोरा मोठ्या विश्वासाने चटणी चाखायला बसला आणि डोळे पुसत उठला. भावोजी अजून सांगतात की त्याला संगीत भिडलं. आणि खोल्यांवर उतरलेल्या पाहुण्यांना ते सकाळी चहाबरोबर हे सगळं ऐकवतात. पाहुणे बिचारे समुद्र बघायला आलेले असतात. ते मान हलवतात, ताईच्या हातचं पापलेट खातात, आणि पुढल्या खेपेला ताईचा फोन नंबर मागून घेतात.

इथवर मला हसू येतं. पुढचं येत नाही.

गाव सोडून आत, खाडीच्या मागे, ताईच्या सासऱ्यांचं भाताचं शेत आहे. भातलावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. आषाढात राबातली, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातली, रोपं उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या, आणि गुडघाभर चिखलात वाकून ती एकेक लावत मागे मागे सरकायचं. सासरे गेल्यावर हे सगळं ताईवर आलं. तिच्याबरोबर चौघीजणी असत, त्यांत माहेरची पार्वतीकाकी म्होरकी. त्या गात. म्हणजे गाणं एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. उचलणारी प्रश्न टाकते, झेलणाऱ्या उत्तर देतात, आणि त्या देण्याघेण्यात हात चालतात. पाठीचा कणा मोडत असतो तो कळत नाही. उचलणारी आमची ताई. तिचा आवाज गोड वगैरे नाही. पाऊस कापत जाईल असा आहे. ती म्हणायची, “दर्यापल्याड कोन गो गेलं?” आणि चौघी झेलायच्या, “गेलं त्ये येल गो, मूठ दे बाई.” लहानपणी आईच्या शेतात बांधावर बसून मी हेच गाणं ऐकलं आहे. पण ताई उचलायची तेव्हा त्यातला प्रश्न खरा वाटायचा.

ताईने लग्नानंतर नवऱ्याकडे साडी मागितली नाही, सोनं मागितलं नाही. एकच मागितलं, “एक आवणी घरी ऱ्हावा.” काम करायला नको होतं तिला त्यांचं. बांधावर बसून त्यांनी एकदा ऐकावं, एवढंच. एवढं जगभरचं ऐकणारा माणूस आपलं ऐकून काय म्हणतो, हे तिला बघायचं होतं. भावोजी दर वर्षी म्हणायचे, “पुढच्या वर्षी नक्की.” आणि दर वर्षी आषाढात त्यांचे फोटो यायचे. रबरी उंच बूट घातलेले भावोजी, घोट्यापर्यंत चिखल, मागे रंगमंच. ताई ते फोटो संध्याकाळी पायाच्या बोटांतल्या चिखल्यांना हळद-तेल लावता लावता बघायची. एकदा तिने मला विचारलं, “तिकडच्या चिखलात काय पिकतं रे?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “मंग बरं हाय. कापनीला तरी जावं लागत न्हाय.”

एका आवणीला मी शेतावर असताना भावोजींचा व्हिडिओ कॉल आला. ताईने प्लास्टिकच्या पिशवीतला फोन चिखलाच्या हाताने कसाबसा धरला. तिकडे रंगमंचावर कुणी एक जण ओळ म्हणत होता आणि समोरचं सगळं मैदान ती परत म्हणत होतं. भावोजींचे डोळे भरून आले होते. “बघ,” ते ओरडत होते, “एक जण टाकतो आणि एवढं पब्लिक झेलतंय. अंगावर काटा आला माझ्या.” इकडे ताईच्या मागे चौघींचं गाणं चालू होतं. भावोजींनी कपाळाला आठ्या घातल्या. “अगं, त्या बायांना जरा गप्प कर. इकडचं ऐकू येत न्हाय तुला.”

ताईने वळून बघितलं. बाया तिच्या बघण्यानेच गप्प झाल्या. मग ती फोन धरून उभी राहिली आणि तिकडचं पूर्ण ऐकलं. त्या दिवशी उरलेलं शेत मुक्यानेच लागलं. माझा भावोजींवरचा राग त्या दिवसापासूनचा आहे आणि तो मी जपून ठेवला आहे. इतर कुणी ठेवायला तयार नव्हतं.

पुढे बाया एकेक करून कमी झाल्या. एक पनवेलला मुलाकडे गेली, एक समुद्रावरच्या हॉटेलात स्वयंपाकाला लागली, एकीचे गुडघे गेले. पार्वतीकाकी वारली तेव्हा भावोजी परदेशात होते; ताईने कळवलं, तर उलट फोनवर जोडलेल्या हातांचं आणि रडक्या चेहऱ्याचं चित्र आलं. मग आवणीला मजूर यायला लागले. दूरच्या मुलखातले, कामाला चोख, पण त्यांची भाषा वेगळी, गाणी वेगळी. ताईने गाणं उचलणं बंद केलं. कुणी तिला बंद कर म्हटलं नव्हतं. झेलायला माणूसच नसेल तर उचलून करायचं काय?

आणि गेल्या वर्षी भावोजी परदेशातून आले ते भारावून. तिकडे म्हणे रंगमंचावर म्हाताऱ्या बायका आल्या होत्या. कुठल्या देशाच्या ते त्यांना आठवत नव्हतं, पण त्यांनी शेतातली गाणी म्हटली, वाकून, हात हलवत. सगळं मैदान स्तब्ध. भावोजी ढसाढसा रडले. जेवायला बसल्यावरही डोळे पुसत होते. “एक म्हणते, बाकीच्या झेलतात. काय ती ताकद. आपल्याकडं असलं कुणी जपलंच न्हाय.”

मी ताटावरून उठणार होतो. ताईने मला डोळ्याने बसवलं आणि त्यांना भात वाढला. “हाय की,” ती म्हणाली. “आषाढात असतं.”

एवढं बोलून ती आत गेली. भावोजी भाताकडे बघत बसले. मग हळूच मला म्हणाले, “अरे, ही गाते?” मी म्हटलं, “विचारा तिलाच.” त्यांनी विचारलं नाही. पण यंदा त्यांनी तिकीट काढलं नाही. साऱ्या गावाला सांगत सुटले, “यंदा आपला प्रोग्राम शेतावर.” माझ्या जपून ठेवलेल्या रागाची पंचाईत झाली.

आवणीच्या दिवशी भावोजी तिकडचा सगळा सरंजाम घेऊन शेतावर आले. घडीची खुर्ची, नखशिखान्त रेनकोट, ते उंच बूट, हातावरच्या पट्ट्या. कान मात्र मोकळे ठेवले होते, हे मी पाहिलं. बांधावर खुर्ची मांडली. ताई आणि मी चिखलात, दोघे मजूर पलीकडच्या कोपऱ्यात. ताई लावत होती. भावोजी वाट बघत होते. बराच वेळ गेल्यावर ते पुढे झुकून अदबीने म्हणाले, “कधी सुरू होतंय?”

ताईने मान वर केली नाही. “चालू हाय ना,” म्हणाली. “लावतेय की मी.”

भावोजी उठले. आपण फार लांब बसलोय, असं त्यांना वाटलं असावं. तिकडे ते नेहमी रंगमंचाच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचे. ते बूट घालून थेट शेतात उतरले. भाताच्या चिखलात आमच्याकडे कुणी बूट घालून उतरत नाही. तो चिखल बूट धरतो आणि सोडत नाही. दोन पावलं गेली, तिसरं उचलायला गेले तर पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. रेनकोटातला तो मोठा माणूस उघडा पाय हवेत धरून हेलकावे खात उभा. मग तो पाय त्यांनी चिखलात टेकला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ताई हसली. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती हसायची थांबली, पुन्हा वाकली, आणि कसलीही तयारी नसताना तिने उचललं.

“दर्यापल्याड कोन गो गेलं?”

आवाज तोच होता, थोडा जाड झालेला. मजूरही क्षणभर थांबले. ओळ शेतावरून गेली आणि ताई हातातलं रोप तसंच धरून थांबली. दुसरी ओळ मला येत होती. पण ती माझी नव्हती. तिने तोंड त्यांच्याकडे केलं होतं. भावोजींचे डोळे डबडबले, चेहरा उजळला, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. जोरात, मनापासून, तिकडे वाजवतात तशा. एकट्याच्या टाळ्या पावसात वाजत राहिल्या आणि मग त्यांनाच त्या एकट्या वाटल्या असाव्यात. हात खाली आले.

ताईने रोप लावलं. “टाळ्या ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. रागाने नाही. “मूठ द्या.”

त्यांना मूठ म्हणजे काय, ते मी दाखवलं. मग ते बांधाजवळच्या ढिगातून एकेक मूठ उचलून तिच्या हातात देत राहिले, एक पाय बुटात आणि एक चिखलात. शेत लागून होईपर्यंत ताईने पुन्हा उचललं नाही, आणि त्यांनीही पुन्हा मागितलं नाही.

घरी येताना भावोजी माझ्याबरोबर मागे राहिले. बूट हातात होता. बरंच चालल्यावर त्यांनी विचारलं, “पुढं काय असतं रे त्याच्यात?” मी सांगितलं. गेलं त्ये येल गो, मूठ दे बाई. जगातल्या ज्या भाषा त्यांना कळत नाहीत, त्यांतली गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. ही एक ओळ ते घरापर्यंत घोकत आले.

आता ते ती अधूनमधून म्हणतात. खोल्या झाडताना, नारळ सोलताना, पाहुण्यांचा चहा गाळताना. चाल चुकते. ताई स्वयंपाकघरात असते आणि तिला सगळं ऐकू जातं. ती चाल दुरुस्त करत नाही, आणि आपली ओळ म्हणतही नाही.