हरायची मजुरी

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहायची वेळ आली ती सहीपुरती. न आणि ण यांचा घोळ तर अजून सुटला नाही. आमच्याकडे बोलताना सगळे 'न'च म्हणतात, मग लिहिताना कोणता काढायचा ते हाताला कळत नाही. जिथे चुकलं असेल तिथे समजून घ्यावं. मागच्या वर्षीचं काही मनात आहे, ते बोलता येत नाही म्हणून लिहिते.

माझी मुलगी कारंज्याच्या एका लहान कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मुलींच्या कबड्डी संघात ती उजव्या कोपऱ्यावर खेळायची. समोरून चढाई करायला आलेल्या मुलीचा पाय धरायचा, हे कोपऱ्यावरच्या मुलीचं काम. आम्ही धनजजवळच्या खेड्यात राहतो. तिचे वडील कारंज्याच्या धान्य बाजारात मापारी आहेत आणि मी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते.

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई लागते. कॉलेजातल्या मॅडमना रविवारी जमायचं नाही. म्हणून एक दिवस खेळाचे सर आमच्या घरी आले. मी दाराआड उभी होते. ते अंगणातूनच म्हणाले, "काकू, तुमी चला संगं. काही करायचं नाही, बोलायचंही नाही. फक्त असायचं."

नुसतं असणं मला जमतं. मी हो म्हणाले.

सरांची एक रीत होती आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं. आमच्या गटात तीनच कॉलेजं, त्यातल्या एकाला सात मुलीही मिळायच्या नाहीत. आमचा संघ दरवर्षी गट जिंकायचा, प्राचार्य फळ्यावर अभिनंदन लिहायचे, आणि पुढच्या फेरीत पहिल्याच सामन्याला मुली हरून घरी यायच्या. सर म्हणायचे, "इथं जिंकून काय कळते? आपल्याले मार कोन देईल ते शोधा लागते." म्हणून ते गटाबाहेरचे सामने ठरवायचे. मोठ्या शहरातले, मॅटवर खेळणारे, जड संघ.

असे संघ आमच्याशी कशाला खेळतील, असं मला वाटायचं. त्याचं कारण मला बसमध्ये ऐकून कळलं. मोठ्या संघांना मोसमाच्या आधी सराव पाहिजे असतो, पण बरोबरीच्या संघाला आपले डाव दाखवायचे नसतात. मग ते दूरचा लहान संघ बोलावतात. गाडीभाडं देतात, जेवण देतात आणि वर काही रक्कम देतात. सर तिला खर्चपाणी म्हणायचे. त्यातून मुलींचे बूट, पट्ट्या, गुडघ्याची टोपणं यायची.

सर तारखा फार विचार करून धरत. "आधी एक जड, मंग एक मध्यम, मंग एक लयच जड," असं ते माझ्या मुलीला समजावून सांगायचे. "सारे जड धरले तं पोरी मोडतात. सारे हलके धरले तं झोपतात." प्राचार्यांना हे पटायचं नाही. हरलेलं फळ्यावर लिहिता येत नाही ना.

पहिल्या बाहेरच्या सामन्याला आम्ही काळी-पिवळी जीपने कारंज्याला आणि पुढे एसटीने गेलो. समोरच्या मुली हातपाय ताणत होत्या. आमच्या मुली भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत बसल्या.

"काकू, त्या पोरी दिवसाले सहा अंडे खातात म्हने."

"आन आपन?"

"आपन काकूची खिचडी."

त्या हसल्या आणि मग खेळायला गेल्या. आमच्या मुलींना मातीची सवय, मॅटवर त्यांचा पाय अडायचा. गिरणीवाल्याची मुलगी आमची चढाईची खेळाडू, सगळ्यांत बारीक. ती पलीकडे गेली की तिच्यावर सहा-सात जणी पडायच्या आणि ती दिसेनाशी व्हायची. पहिल्या दिवशी मी तोंडावर पदर घेतला. दुसऱ्या सामन्याला घेतला नाही. त्यानंतर मी पिशव्या मांडीवर घेऊन मुलींच्या पायांकडे बघत बसायची आणि मला काही वाटत नसे. पाय झोपला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं.

परतताना गिरणीवाल्याची मुलगी सरांना म्हणाली, "सर, मजुरी भेटली का?"

"कायची मजुरी?"

"हरायची."

बसमधले अनोळखी लोकही हसले. माझी मुलगी हसली नाही. ती बोटांची पट्टी सोडत होती.

तिला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. त्या मुलींना कलर कोट मिळतो, निळा, खिशावर चिन्ह असलेला. घरात ती याबद्दल एकदाच बोलली, वडिलांना पाणी देता देता. तिला ते शेवटचंच वर्ष होतं. गटातल्या सामन्यांना निवड करणारं कोणी फिरकत नाही. ती कोणाला दिसणार असेल तर या बाहेरच्या सामन्यांतच, हे सरांना माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि ऐकून ऐकून मलाही.

दिवाळीच्या आधीचा सामना फार जड होता. आम्ही दणकून हरलो. पण त्यात माझ्या मुलीने त्यांच्या सगळ्यांत मोठ्या चढाईवालीचा घोटा तीन वेळा धरला आणि सोडला नाही. सामना झाल्यावर त्यांचे प्रशिक्षक चहाचा कप घेऊन आमच्याकडे आले. निवड समितीत ते होते. त्यांनी तिचं नाव विचारलं, वजन विचारलं. मग सरांना म्हणाले, "आमच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला तुमचाच संघ आणा. समितीतले बाकीचेही येतील. कोपऱ्यावरची ही मुलगी त्यांना बघू द्या." खर्चपाणी त्यांनी तिथेच आगाऊ दिलं, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी त्यातून सगळ्यांना मॅटवरचे बूट घेतले.

पण त्याच सामन्यातून परतल्यावर गिरणीवाल्याची मुलगी जेवताना आईला म्हणाली होती, "आज आपल्यावर चार लोन चढले."

हे तिच्या बापाने ऐकलं. त्याने गिरणीच्या मोटारीसाठी मागे एका बचत गटातून लोन घेतलं होतं आणि वसुलीवाले त्याच्या दारात बसून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणखी दोघा बापांना घेऊन आमच्या अंगणात आला. माझ्या मुलीचे वडील बाजारातून आले नव्हते. मी पदर सारखा करून चौकटीत उभी राहिले.

"वयनी, तुमी संगं होत्या. खरं सांगा. सरानं पोरींच्या नावावर लोन उचललं का?"

"नाई भाऊ."

"मंग पोरगी काहून म्हनते, चार लोन चढले?"

"ते खेळातलं हाय. सारे बाद झाले का लोन होते."

"बाद म्हंजे? बुडीत?"

"नाई. सारे बाद झाले का समोरच्याले दोन जास्तीचे भेटतात."

तो मागच्या दोघांकडे वळला. "आयका! दोन टक्के व्याज!"

इतक्यात माझी मुलगी आली. तिने काडीने अंगणात मैदान आखलं, खडे मांडले, एकेक खडा उचलून बाहेर ठेवला. सातवा खडा उचलला आणि म्हणाली, "काका, हे लोन. कबड्डीचं. बँकेचं नाई." लिहिताना ते वेगळं असतं म्हणे, ण काढतात. मी इथे दोन्हींना लोनच लिहिते.

तिघेही हसले. गिरणीवाला डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. "बाप्पा! मी रातभर झोपलो नाई." मी आत चहा ठेवला. मला वाटलं, मिटलं.

मग त्याने खड्यांकडे पाहिलं. "म्हंजे अशा चार खेपा तुमी सगळ्याच्या सगळ्या मेल्या?"

"हो काका."

"दर सामन्याले असंच?"

मुलगी खडे गोळा करू लागली.

"आन त्याचे पैसे घेते सर?"

"खर्चपानी देतात ते लोक."

"पोरगी म्हनते तेच मंग. हरायची मजुरी." तो हसत नव्हता आता. "लोन असतं तं फेडलं असतं. पोरगी मार खाते आन त्याचे बूट येतात, हे मी कायच्यानं फेडू?"

चहा झाला, कप मी उचलले. त्याच्या मुलीचं खेळणं त्या दिवसापासून बंद झालं. सोबतच्या दोघांपैकी एकाने आपली मुलगीही काढली. संघात नऊ होत्या, एकीचा पाय आधीच मुरगळलेला. राहिल्या सहा.

सर घरोघर फिरले. त्या दोन्ही घरी त्यांना चहा मिळाला आणि नकार मिळाला. कॉलेजात खेळणारी दुसरी मुलगी नव्हती, आणि दुसऱ्या कॉलेजची घेता येत नाही. माझी मुलगी रोज अंगणात एकटीच बसून उठायचा सराव करायची. ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं झालं असतं.

एका सकाळी मी ज्वारी घेऊन गिरणीवर गेले. घरात पीठ होतं तरी गेले. त्याने डबा घेतला, पट्टा चालू केला. मी म्हणाले, "भाऊ, एकच सामना." गिरणीच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. त्याने विचारलं, "काय म्हनता?" मी म्हणाले, "बारीक दळजा."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि गिरणी बंद केली. इतकं शांत झालं की पीठ खाली बसताना दिसलं.

"बोला वयनी."

"एकच सामना. माझ्या पोरीसाठी."

तो थोडा वेळ हाताचं पीठ झटकत राहिला. "तुमची पोरगी आपल्या अंगनात उभी राहून धरते. माझी एकटी त्यायच्या घरात जाते, सात जनीत. तुमी पाह्यलं ना तिले तिथं, खाली पडलेली?"

मी पाहिलं होतं.

"मले तं नुस्तं आयकून झोप नाई," तो म्हणाला आणि पट्टा पुन्हा चालू केला. पीठ त्याने बारीक दळून दिलं.

सरांनी तिकडे फोन करून येत नाही म्हणून कळवलं. गटाच्या स्पर्धेतूनही नाव काढून घेतलं. उद्घाटनाला दुसराच कोणता तरी लहान संघ गेला. त्या रविवारी मी घर सारवलं. मुलगी वडिलांचे कपडे धुऊन आली, जेवली, अभ्यासाला बसली. माझ्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटत होतं, ते आलं नाही.

आगाऊ घेतलेली रक्कम परत करणं आलं. बूट तर पायांत गेले होते. सर म्हणाले, "ते माह्याकडं लागलं." पण सर तासिकेवरचे, त्यांचा पगार कधी चार महिन्यांनी येतो, कधी सहा. माझी मुलगी त्यांना म्हणाली, "सर, बूट आमच्या पायात हायेत. आमी देतो."

तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. सुटी असली की मुली वेचायला जायच्या आणि सोबत बाई पाहिजे म्हणून मीही. पहिल्याच दिवशी गिरणीवाल्याची मुलगी बांधावर येऊन उभी राहिली.

"तुह्या बापाले माहीत हाय का?" मी विचारलं.

"त्यायनंच धाडलं. म्हने, घेतलेलं फेडाच लागते. खेळू नोको, पन फेड."

"आता खरंच लोन चढलं आपल्यावर," एक जण म्हणाली. ओळीतल्या मुली हसल्या आणि या वेळी माझी मुलगीही थोडी हसली. ती ओळ धरून पुढे जायची, सगळ्यांच्या पुढे, आणि टोकाला पोचली की मागे वळून बघायची नाही. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट, खेळात दुखावलेलं, नीट मिटत नाही. त्या बोटाशिवाय ती बोंडातून कापूस काढायची. मी तिच्या शेजारच्या ओळीत असायची. आम्ही दिवसभरात पाण्याशिवाय दुसरं काही बोलायचो नाही.

कापूस सरला, मग तुरीची कापणी झाली, मग हळद शिजवायचं काम मिळालं. जमेल तसे पैसे सरांकडे जायचे आणि सर ते पुढे पाठवायचे. मधे विद्यापीठाचा संघ जाहीर झाला. ती यादी कोणीतरी मुलीच्या फोनवर पाठवली. तिने पाहिली आणि फोन चार्जिंगला लावला. परीक्षा झाली. तिचं कॉलेज संपलं.

उन्हाळ्यात एका दुपारी सर आमच्या ओट्यावर आले. हळदीचे शेवटचे पैसे त्यांनी तिथे बसूनच फोनवरून पाठवले आणि तिकडच्या प्रशिक्षकांना फोन लावला. आवाज मोठा केला, आम्हाला ऐकू यावा म्हणून. मुलगी चौकटीला टेकून उभी होती.

"मिळाले," तिकडून आवाज आला. "अहो, नसते दिले तरी चाललं असतं. लहान संघ सहसा परत करत नाहीत."

"आमच्या पोरी देतात," सर म्हणाले.

"बरं, येत्या मोसमाची तारीख धरू का? कोपऱ्यावरची ती मुलगी आणाल ना? समितीला सांगून ठेवलं होतं मी."

सरांनी मुलीकडे पाहिलं. "तिचं शेवटचं वर्ष होतं, सर. झालं तिचं कॉलेज."

तिकडे कोणीतरी शिट्टी वाजवत होतं, मॅटवर पाय आपटल्याचा आवाज येत होता. "अरेरे," ते म्हणाले. "असो. हिशोब पूर्ण झाला आपला."

सरांनी फोन खिशात ठेवला. "झालं काकू. पुरे फिटले. एक रुपया राह्यला नाही."

मुलगी म्हणाली, "बरं झालं," आणि सरांसाठी पाणी आणायला आत गेली.